पागोळीचं छप्पर

फार वर्षांपूर्वी रेवदंड्याकडची काही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं समुद्र ओलांडून इस्राएलच्या वाळवंटात गेली आणि तिथे त्यांनी किबुत्झ वसवला. किबुत्झ म्हणजे शेत सगळ्यांचं, चूल एक, आणि काहीही ठरवायचं ते हात वर करून. वस्तीला अजून नाव नव्हतं. विहीर खणली ती खारट निघाली. सरकारकडून निरोप आला, थंडी सरेपर्यंत गोडं पाणी मिळालं नाही तर वस्ती मोडा.

तेव्हा जेवणघराला छप्पर घालायचं होतं. मिलकाबाई म्हणाली, "उतरतं घाला, पागोळी पडेल असं."

पागोळी म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारी धार. तिचा दीर हसाजी हसला. "वहिनी, इथे पाऊस कुठे? त्या कडेखाली काय उंट बांधायचे?"

"बांधा की. पाऊस आला की सोडा."

हात वर झाले. सपाट छप्पर ठरलं. पण बांधणारे सगळे कोकणातले. संध्याकाळी बघतात तर छप्पर उतरतं. कोणी केलं हे? जो तो आपल्याच हातांकडे बघायला लागला.

मिलकाबाईने छपराच्या कडेखाली हौद खणला. तिथे पाऊस पडला तर थंडीतच. थंडी सरत आली, हौद कोरडाच. शेवटी ट्रक आले, पेट्या चढल्या. ती हौदापाशी बसून राहिली. म्हणाली, "पागोळी पडल्याशिवाय मी उठत नाही."

असं म्हणतात, तेवढ्यात एक ढग आला. सर पडली, लगेच थांबली, ऊन पडलं. पण पागोळ्या थांबेनात. कोरड्या आभाळाखाली छप्पर गळत राहिलं आणि हौद भरला. ट्रकवाल्याने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि पेट्या खाली उतरवायला लागला.

हसाजी वहिनीला उठवायला गेला. ती बसल्या जागी गेली होती.

पुढे कोणीतरी वस्तीचं नाव विचारलं. हात वर करायला कोणी थांबलं नाही. हसाजीच म्हणाला, "पागोळी."

आता नळ आहेत. तरी पागोळीत कोणी वारलं की घरातलं माणूस जेवणघराच्या छपरावर चढतं आणि मिलकाबाईच्या नावाने तांब्याभर पाणी सोडतं. बाकीचे खाली बसतात. धार थांबली की उठायचं, जेवायला जायचं.

परवा माझ्या दादासाठी मी चढलो. तांब्या संपला. मी म्हटलं, अजून एक द्या. खालून भरलेले तांबे वर येत राहिले.