सभापतींचा सत्कार
सभापती रावसाहेब शिंगट्यांनी भर चौकात लाल सिग्नल तोडला आणि रस्ता ओलांडणारा गोदाक्कांचा भरत जागीच गेला. सभापतींचा वकील चांगलाच पोहोचलेला होता. पोरगाच आडवा आला असं ठरलं आणि सभापतींच्या वाट्याला उरला सिग्नल तोडल्याचा दंड, वर सुरक्षित वाहन चालवण्याचा ऑनलाइन कोर्स.

तो कोर्स संपला, तर कार्यकर्त्यांनी त्याचाही सत्कार ठेवला! त्याच चौकात मांडव घातला, फ्लेक्सवर 'आदर्श वाहनचालक' छापलं. कुणाच्या मनात काही राहिलं नाही हे गावाला दिसावं म्हणून शाल घालायला बोलावलं ते गोदाक्कांनाच. त्या आल्या.

सभापती माइकवर रंगात आले होते. "परीक्षा सोपी नव्हती बरं का! दोनदा नापास झालो. पण चुकलं की मोबाइलवर बटण येतं, 'पुन्हा प्रयत्न करा'. दाबलं, आणि तिसऱ्या खेपेला पैकीच्या पैकी!"

टाळ्या पडल्या. मग ते गोदाक्कांकडे वळले.

"अक्का, आज काहीही मागा. घर मागा, या चौकाला पोराचं नाव मागा. शिंगट्यांनी शब्द दिला की दिला!"

गोदाक्का उठल्या. शालीची घडी त्यांनी मोडलीच नाही, तशीच खुर्चीवर ठेवली.

"घर नको, चौक नको. ते बटण तेवढं माझ्या भरतला द्या."

"कसलं बटण?" सभापती हसत म्हणाले.

"तुमचंच, पुन्हा प्रयत्न करायचं. पोराला फक्त रस्ता ओलांडायचाय."