साळिंदराची साक्ष

अमेरिकेतल्या एका डोंगराळ जंगलात एक साळिंदर राहत असे. तिकडची साळिंदरे झाडावर चढतात; पाइनच्या उंच झाडावर बसून पहारा करायचा, हे त्याचे काम. "जे पाहीन तेच सांगेन," अशी शपथ त्याने सर्वांसमोर घेतली होती. मुलांनो, त्या जंगलात राजा नव्हता. दर वर्षी पानगळ सुरू झाली की प्राणी आपला प्रमुख निवडत. ज्याला निवडायचे, त्याच्या पुढ्यात एकेक खडा टाकायचा. अस्वलाचा खडा एक, उंदराचाही एकच. सारे जो चाटायला येत, त्या मिठाच्या खडकावरही लहानथोर साऱ्यांचा सारखा हक्क होता.

त्या वर्षी अस्वल प्रमुख होते. पानगळ जवळ आली, तसे त्याला पद सोडावेसे वाटेना. अशातच एक बातमी पसरली : डोंगरापलीकडून प्यूमा आला आहे! प्यूमा म्हणजे अंगावर कधी झेप घेईल याचा नेम नसलेले भयंकर जनावर. कोणी पाहिला, हे कोणीच विचारले नाही. हरिणी पाण्यावर एकट्या जाईनात. खारींनी फळे गोळा करणे अर्ध्यावर टाकले. वाळके पान वाजले तरी आया पिल्लांना पोटाशी ओढत.

मग अस्वलाने फर्मान काढले, "अशा संकटात निवडणूक होणार नाही. आणि ओढ्यापलीकडचे ससे प्यूमाला वाट दाखवतात. त्यांना मिठाचा खडक बंद!" ससे तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते, हे सर्वांना ठाऊक होते. पण बोलावे तर आपल्यालाही प्यूमाचा सोबती ठरवतील, या धास्तीने सारे गप्प राहिले. एक सशीण पिल्लांना घेऊन खडकापर्यंत आली, तेव्हा तिची शेजारीण हरिणी मान खाली घालून निघून गेली.

तरीही प्यूमा खरेच आला आहे का, ही कुजबुज थांबेना. तेव्हा अस्वल आपल्या साथीदार कोल्ह्याला घेऊन पाइनखाली आले आणि साळिंदराला म्हणाले, "उद्याच्या सभेत सांग, की तू प्यूमाच्या पाऊलखुणा पाहिल्यास. तुझ्या शब्दावर सगळे विश्वास ठेवतात."

साळिंदर चाचरत म्हणाले, "पण मी तर काहीच पाहिले नाही."

"दोन शब्दांचे तर काम," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. "हिवाळा मोठा आहे, गड्या. झाडावरून कोण कधी पडेल, सांगता येते का?" अस्वलाने खोडावर पंजा ओढला. सालीचा लांब पट्टा गळून खाली पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभा भरली. साळिंदर झाडावरून उतरून सर्वांसमोर आले. अस्वल गुरगुरले, "सांग, काय पाहिलेस?"

साळिंदराने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "प्यूमाच्या पाऊलखुणा मी पाहिल्या नाहीत. ससे कुणाला वाट दाखवताना दिसले नाहीत. प्यूमाची आवई उठवत घरोघर फिरणारा कोल्हा तेवढा मी पाहिला."

"खोटारडा! हा प्यूमाला फितूर झालाय!" अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले आणि साळिंदराकडे निघाले. कोणी हलले नाही. साळिंदराचे काटे ताठ झाले, पण ते जागचे सरकले नाही.

तेवढ्यात ती हरिणी थरथरत पुढे आली आणि साळिंदराशेजारी उभी राहिली. "त्याला हात लावायचा नाही! माझा खडा मी आजच टाकणार. आणि सशिणीलाही टाकू देणार." मग खारी आल्या. उंदीर आले. शेवटी सशीण पिल्लांसह आली. एकेकाला भिवविणारे अस्वल इतक्या जणांपुढे थबकले. कोल्हा तर केव्हाच झुडपात सटकला होता. खडे पडले, मोजले गेले आणि ओढ्यावर लाकडांचे बांध घालणारा बीव्हर प्रमुख झाला. अस्वल पडलेल्या चेहऱ्याने डोंगराकडे निघून गेले. सशांना मिठाचा खडक पुन्हा खुला झाला.

पुढे कितीतरी दिवस फांदी मोडल्याचा आवाज आला की साळिंदर दचके. हरिणीने एकदा विचारले, "तुला तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली. अजूनही वाटते," ते म्हणाले. "पण खोटे बोललो असतो, तर सशिणीच्या पिल्लांकडे पाहायची भीती वाटली असती. ती भीती मला सोसवली नसती."

तात्पर्य : भीती दाखवून जो एकाचा हक्क काढून घेतो, तो उद्या सर्वांचे स्वातंत्र्य घेतो, आणि भीत भीत का होईना, खरे बोलणारा एक जण सर्वांना धीर देतो.