पाटलाचं खळं आणि मातीतले खाणारे

पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की त्या वेळच्या वडांच्या पारंब्यांचेही आता वड झालेत. एका राज्याच्या टोकाला एक गाव होतं. गावाच्या खालच्या अंगाला पूर्वी मोठं तळं होतं. त्यात लव्हाळी कुजली, कमळं कुजली, वर गाळ बसला, आणि आज्या-पणज्यांनी त्या गाळाचं शेत केलं. एका कडेला तेवढी दलदल उरली.

गावचा पाटील होता रायाजी. माणूस कष्टाळू, हाताचा सढळ. पण जे आपल्याला दिसलं नाही ते नाहीच, असा त्याचा हिशेब.

एका साली शाळूची ज्वारी अशी पिकली, की कणसं ठेवायला जागा पुरेना. रायाजीच्या मनात आलं, मळणीला घरोघरची चिमुकली खळी कशाला? साऱ्या गावाचं एकच खळं करू, पंचक्रोशीत कुणाचं नसेल असं! जागा निवडली तळ्यावरच्या शेताची. तेवढी सपाट जमीन दुसरी नव्हती.

ते शेत त्याची म्हातारी आत्या गिरजा कसत असे. ती म्हणाली, "राया, खळं दुसरीकडं कर. ही माती चोपू नकोस. हिच्यात खाणारे आहेत."

"कोण? उंदीर?"

"डोळ्यांना दिसत नाहीत असे. खालचं तळं अजून कुजतंय रे. त्याचा वाईट वायू वर येतो, आणि हे वरच्या मातीत बसून तो खातात. माती भुसभुशीत असली की त्यांना हवा मिळते. चोपलीस तर गुदमरतील."

"तू पाहिलेस त्यांना?"

"नाही. आईनं सांगितलं होतं."

रायाजी खो खो हसला. "आत्या, वायू खाऊन कुणी जगतं का?"

महिनाभर त्या जमिनीवर बैल फिरले. पाणी मारलं, चोपण्यांनी ठोकलं, शेणानं सारवलं. खळं तळहातासारखं गुळगुळीत झालं. भोवती साऱ्या गावाच्या कणसांच्या राशी लागल्या. मग मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो तिवडा रोवायला मधोमध खड्डा खणला. खड्डा हातभर खोल गेला आणि आतून फुस्स असा आवाज आला. खणणारा गडी दचकून मागं सरला.

"पोकळी असेल," रायाजी म्हणाला. "रोवा तिवडा."

सकाळी पूजा होती. रायाजीची बायको सगुणा निरांजन घेऊन तिवड्यापाशी वाकली.

भक्कन आवाज झाला. निळी ज्वाळा खांबाला बिलगून पुरुषभर उंच उभी राहिली.

वाळून सारवणाला गेलेल्या भेगाभेगांतून आग सळसळत धावली आणि राशींना भिडली. बैल दावी तोडून उधळले. रायाजीनं सगुणाला ओढून बाहेर काढलं. तिचे दोन्ही तळवे भाजले होते.

लाकूड नाही, तेल नाही, आणि जमीन पेटलेली! रायाजी डोळे फाडून बघत होता. "जमीन जळतेय," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अहो, जमीन जळतेय." दुपारपर्यंत गावाच्या वर्षभराच्या भाकरीची राख झाली.

दुसऱ्या दिवशी तो आत्याच्या दारात उभा राहिला. मान वर होत नव्हती. आत्या एक शब्दही टोचून बोलली नाही. तिनं हातात पेटता पलिता घेतला आणि त्याला दलदलीवर नेलं. चिखलात काठी खुपसली. बुडबुडे आले. पलिता जवळ नेताच ते भपकन पेटले.

मग ती त्याला शेजारच्या नांगरलेल्या पट्टीत घेऊन गेली. पलिता ढेकळांशी धरला. काहीच झालं नाही.

"खाली तळं तेच," आत्या म्हणाली. "वायूही तोच. मग इथं तो गेला कुठं?"

रायाजी वाकून ढेकळांकडं बघू लागला. "किती असतील गं ते?"

"तुझ्या एका पावलाखाली, आपल्या राज्यात माणसं नसतील इतके."

रायाजीनं चटकन पाय उचलला. पण तो ठेवायचा कुठं, हे त्याला कळेना. जन्मभर तो त्यांच्या जिवावर चालला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता!

त्यानं आपली धान्याची कणगी गावाला मोकळी करून दिली. कुदळ घेऊन खळं स्वतःच्या हातानं फोडलं, मुरलेलं शेणखत घातलं, माती पुन्हा मोकळी केली. पण मेलेले खाणारे हुकुमानं परत येत नाहीत. चार पावसाळे त्या शेतात कुणी विस्तव नेला नाही. सगुणाची बोटं तर पुढं कधीच पुरती सरळ झाली नाहीत. तिचा घास रायाजीच मोडून देई.

तात्पर्य: जे दिसत नाहीत त्यांच्या राबण्यावरच आपलं जगणं उभं असतं, त्यांना तुडवणारा आपल्याच पायाखालची जमीन पेटवतो.