चमकणारा कंट्रोलर

खूप दिवसांमागे एका घरात टीव्हीखाली एक गेम कन्सोल राहत होता. खेळ तोच चालवायचा, पण चित्रं उमटायची टचस्क्रीनच्या कंट्रोलरवर. मुलं त्यालाच मांडीवर घेत.

“आजोबा, तुम्ही नुसते घरघरता,” कंट्रोलर चिडवायचा.

दिवाळीच्या आवराआवरीत मुलांच्या आईने, कुंदाताईंनी, भंगारवाल्याला बोलावलं. “हा खोका न्या. ही पाटी राहू दे, चित्रं हिच्यातच असतात.”

“बाळा, क्षणभर चित्रं मिटव, म्हणजे ती तुझी एकट्याची नाहीत हे त्यांना कळेल,” कन्सोल कुजबुजला.

“तुमच्यासाठी मी विझू?” कंट्रोलर आणखीच चमकला.

वायर उपटून भंगारवाला खोका घेऊन गेला.

संध्याकाळी मुलांनी कंट्रोलर मांडीवर घेतला. काचेवर एकच ओळ होती, ‘कन्सोल शोधत आहे.’ चार्जिंग संपेपर्यंत तो शोधतच राहिला.