बुरशीअक्काचं थेंबभर विष

माणसाच्या शेतात हरभरा अजून आला नव्हता, मुंग्याच तो पेरत, तेव्हाची ही गोष्ट. मातीत राहणारी बुरशीअक्का दर हंगामाला मुळांत विष सोडून उभं पीक वाळवून टाकी.

एकदा म्हातारी ठकू मुंगी तिच्या दारात गेली. "अक्का, तुमच्या विषाचं फार नाव ऐकलंय. थेंबभर द्या की, पोरांना दाखवते."

अक्का फुगली. "ने, पण जपून हो!"

ठकूने ते विष दवात मिसळलं आणि वाफ्यातल्या कोवळ्या रोपांच्या मुळांशी ओतलं. दुपारी रोपं माना टाकू लागली.

"ठकूमावशी, तूच वैरीण झालीस?" एक रोप कळवळलं.

ठकू ठाम राहिली. "बाळा, आज हा वाफा जाईल. नाहीतर उद्या अख्खं शेत जाईल."

संध्याकाळी विष पिऊनही कोपऱ्यात मोजकीच रोपं ताठ उभी होती. ती पिकल्यावर ठकूने त्यांचंच बी राखलं आणि पुढच्या हंगामात शेतभर तेच पेरलं.

अक्का थाटात आली. असेल नसेल तेवढं विष तिने मुळांत ओतलं, तरी एक पान पिवळं पडेना.

"ठकू, ही असली दांडगी रोपं आणलीस तरी कुठून?"

"मी कुठली आणणार, अक्का? निवडून तर तुम्हीच दिलीत."