कोल्हिणीने नाकारलेली शाबासकी

डोंगरउतारावरच्या एका रानात एक कोल्हीण राहायची. मुलांनो, त्या रानातल्या प्राण्यांची मिळून एक जुनी जीप होती आणि ती चालवावी कोल्हिणीनेच! आजारी प्राण्यांना घाट उतरून अस्वलवैद्यांकडे पोहोचवायचे काम तिने आपणहून पत्करले होते. चढावर गाडी कुरकुरू लागली की नुसत्या आवाजावरून ती दुखणे ओळखायची. गाडी इतकी अलगद हाकायची की मागे बसलेल्यांना डुलकी लागायची. तिच्यात खोड एकच होती. घाटातल्या मोठ्या वळणावर माकडे जमलेली दिसली, की तिला राहवत नसे. मग ती वेग वाढवायची, एका हाताने वळण घ्यायची आणि दुसरा हात माकडांना हलवून दाखवायची. माकडे चीत्कार करायची, "वा ताई, वा!"

एके सकाळी सशिणीचे पिल्लू तापाने फणफणले. कोल्हिणीने लगेच जीप काढली. धुके नुकतेच विरले होते. रस्ता दमट होता आणि त्यावर भिजलेल्या पानांचा थर पसरला होता. पिल्लाला पोटाशी धरून सशीण म्हणाली, "ताई, आज बेताने घ्या हो. रस्ता निसरडा दिसतोय."

"अगं, हा घाट मला पाठ आहे," कोल्हीण हसून म्हणाली. तेवढ्यात वळण आले. माकडे फांद्यांवर दाटीने बसली होती. कोल्हिणीने वेग वाढवला, एक हात उंच केला, आणि त्याच क्षणी जीपचा मागचा भाग दरीकडे घसरला. तिने ब्रेक दाबला, तशी गाडी आणखीच घसरू लागली. सशीण किंचाळली. खाली खोल दरी दिसत होती.

पण कोल्हिणीने धीर सोडला नाही. तिने ब्रेकवरचा पाय उचलला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले आणि गाडी घसरत होती त्याच बाजूला ते हलकेच फिरवले. चाकांनी रस्ता धरताच तिने जीप डोंगराकडच्या चरात घातली. मोठा धक्का बसला. कोल्हिणीचा एक पाय चांगलाच मुरगळला, पण सशीण आणि पिल्लू सुखरूप राहिले. जीप मात्र चिखलात रुतून बसली.

माकडांना वाटले, हा नवाच खेळ! टाळ्यांचा कडकडाट झाला. "असली कसरत कधी पाहिली नव्हती, ताई! पुन्हा दाखवा ना!"

कोल्हीण लंगडत खाली उतरली. गप्प राहिली असती, तर माकडांना काही कळलेही नसते. पण ती म्हणाली, "टाळ्या वाजवू नका रे. ही कसरत नव्हती. गाडी माझ्या हातातून सुटली होती. तुम्हाला दाखवायच्या नादात मी या पिल्लाचा जीव धोक्यात घातला." मग ती सशिणीकडे वळली. "तू सांगितलंस, ते मी ऐकलं नाही. चुकले मी. दे, पिल्लू माझ्या पाठीवर दे."

तशा दुखऱ्या पायाने, पिल्लाला पाठीवर घेऊन ती उरलेला घाट उतरली. अस्वलवैद्यांनी काढा पाजला आणि संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

जीप चरातून निघाली, दुरुस्त झाली. तेव्हा एका खारीने सशिणीला विचारले, "आता पुन्हा तिच्या गाडीत बसशील का गं?"

"बसेन की!" सशीण म्हणाली. "सगळं रान वाहवा करत असताना जी स्वतःची चूक सांगते, ती तीच चूक पुन्हा करायची नाही."

तात्पर्य : ज्यांचा जीव आपल्या हाती आहे त्यांच्याकडे लक्ष द्यावे, बघ्यांकडे नाही, आणि आपली नसलेली शाबासकी नाकारायला खरे धैर्य लागते.