कुत्रीचं नाक

एका राज्यात, जिथं पशुपाखरं बोलत आणि माणसं ते ऐकूनही घेत, तिथं वज्रसेन नावाचा राजा होता. राज्याभिषेकाला राजाने प्रत्येक जिवाकडून नजराणा घ्यावा, ही तिथली रीत. माणसं शेले आणीत, गूळ आणीत. रानातल्या जिवांकडे द्यायला असतं काय? आधीचे राजे त्यांचा नमस्कार घेऊन त्यांना रजा देत. वज्रसेनाला मात्र हाव सुटली. राजमांत्रिकाच्या मंत्राने त्याने घारीची नजर, वटवाघळाचे कान आणि रानकुत्रीचं नाक काढून घेतलं.

आंधळी झालेली घार म्हणाली, "महाराज, ज्या जिवावर तुमचा जीव, त्याला तुम्ही ना दिसाल, ना ऐकू याल, ना स्पर्शाने कळाल. तिन्ही नजराणे परत कराल, तेव्हाच शाप सुटेल."

राजाच्या मांडीवर बसलेली लहानगी कुवलया तत्क्षणी रडू लागली, "तात कुठे गेले?"

घारीची नजर राजाने तिथल्या तिथे परत केली. मग गुहेत शिरून, भिंतींवर आपटणाऱ्या वटवाघळाला त्याचे कान दिले. उरलं नाक.

महालात परतताच त्या नाकाला वास आला. दिवंगत राणीच्या पेटीतली शाल! तिच्या केसांतला धूप, मानेवरचा घाम, सारं ताजं. जणू ती नुकतीच उठून गेली होती.

"उद्या देतो," राजा म्हणाला. रोज सकाळी शाल तोंडाशी धरून तो हेच म्हणे. दारात कुत्री बसलेली असे. तिला स्वतःची पिल्लंही ओळखू येत नव्हती.

अशी वर्षांमागून वर्षं गेली. एके दिवशी सनई वाजली. "कसला सोहळा?" राजाने विचारलं.

"कुवलयादेवींचं लग्न, महाराज," प्रधान म्हणाला. "त्यांच्या लेखी तुम्ही नाहीच, म्हणून कन्यादान मामा करताहेत."

राजा धावत दाराशी आला. त्याने कुत्रीपुढे गुडघे टेकून नाक परत केलं. तिने हवा हुंगली, पण पिल्लं कधीच मोठी होऊन पांगली होती. "उशीर केलात, महाराज," एवढंच म्हणून ती रानात निघून गेली.

शाप सुटला. राजा मांडवात शिरला. कुवलयेने मान वर केली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि शेजारच्या मामाला हळूच विचारलं,

"मामा, हे म्हातारे गृहस्थ कोण?"